कशाने टोचणार?

टोचून घ्यायला गेलेला माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. दुखेल का, आणि किती होतील. कशाने टोचणार, हा तिसरा प्रश्न फारच थोडे लोक विचारतात. वाशी, नेरूळ, खारघर, कुठेही पाहा. दागिन्यांच्या स्टॉलवर बंदुकीने टोचतात, टॅटू स्टुडिओत सुईने, सोनाराकडे सोन्याच्या तारेने, आणि बाळाचे कान असतील तर कधी मुलांच्या डॉक्टरांकडे. सगळीकडून बाहेर पडणाऱ्याच्या कानात किंवा नाकात एक चमकता खडा असतो आणि फोटो सारखाच येतो. त्यामुळे हत्याराचा प्रश्न टोचणाऱ्याने बघावा असा, निव्वळ तांत्रिक वाटतो. मला तो या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा नैतिक प्रश्न वाटतो. का, ते सांगण्याआधी हत्यारंच जरा जवळून बघावी लागतील.

बंदुकीत सुई नसतेच. कानातल्या टॉपची मागची काडी, जिला बेतास बात टोक असतं, तीच स्प्रिंगच्या जोराने पाळीतून आरपार जाते. चांगली सुई कातडी कापत जाते. ही काडी ती चिरडत, फाडत जाते. मागून फिरकी लगेच घट्ट बसते, त्यामुळे पुढच्या दोन दिवसांत येणाऱ्या सुजेला जागाच राहत नाही. जुन्या धर्तीच्या बंदुकीचा सांगाडा प्लॅस्टिकचा असतो. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या 121 अंशांच्या वाफेत, तो टिकत नाही. मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा आणि पुढचा कान घ्यायचा. आता एकदाच वापरून टाकायच्या कॅसेटवाल्या नव्या बंदुका आल्या आहेत. त्यांनी संसर्गाचा धोका कमी केला, पण बोथट काडी जोराने घुसवणं तेच राहिलं.

कानाची पाळी तशी क्षमाशील. मऊ मांस, भरपूर रक्तपुरवठा, बरंच काही सोसते. कानाचा वरचा भाग मात्र कूर्चेचा असतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. तिथे जंतू शिरले तर शरीराची फौज उशिरा पोचते आणि औषधही. 2000 साली अमेरिकेच्या ओरेगन राज्यात दागिन्यांच्या एका स्टॉलवर कानाच्या वरच्या भागात टोचून घेतलेल्या मुलामुलींना स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा संसर्ग झाला. काहींवर शस्त्रक्रिया करावी लागली, काहींच्या कानाचा आकार कायमचा बिघडला. तपासात निघालं ते असं, की ज्या बाटलीतून जंतुनाशक फवारलं जात होतं तीच दूषित होती. साधन स्प्रिंगच्या बंदुकीचं, जागा कूर्चेची, आणि वर स्वच्छतेचा देखावा.

दुसरं हत्यार नवी मुंबईतल्या कुठल्याही मेडिकलच्या दुकानात मिळतं: कॅन्युला. दवाखान्यात सलाईन लावताना हाताच्या शिरेत घालतात तीच. टोपणाच्या रंगावरून जाडी ओळखायची: गुलाबी 20 गेज, हिरवी 18, करडी 16, नारिंगी 14. गेजचा आकडा जितका मोठा तितकी वस्तू बारीक, हे एकदा लक्षात ठेवलं की पुढचा गोंधळ टळतो. दागिन्यांच्या मापात 18 गेज म्हणजे साधारण एक मिलिमीटर, 14 म्हणजे 1.6. कॅन्युलाची गंमत अशी की आत सुई आणि बाहेर मऊ प्लॅस्टिकची नळी असते. टोचलं की सुई काढून घेतात, नळी भोकात राहते, तिच्या तोंडात दागिन्याची दांडी अडकवून नळी ओढून घेतली की दागिना आपसूक जागेवर. टोचणाऱ्याला हे फार सोपं जातं. पण गेज मोजलेलं असतं ते बाहेरच्या नळीचं; आतली सुई त्याहून बारीक. म्हणजे भोक लहान पडतं आणि नळी त्यातून ताणून जाते. अंगाला तो दुसरा धक्का जाणवतो.

तिसरी खास पिअर्सिंगसाठी बनवलेली पोकळ सुई. नळी नाही, टोपण नाही. टोक तीन बाजूंनी घासून तिरकं केलेलं, जणू लहानशी पातीच. ती कातडीत चंद्रकोरीसारखी बारीक चीर पाडते आणि दागिन्याला जागा करून देते. दागिना सुईच्या मागच्या टोकाला टेकवून तिच्या पाठोपाठ सरकवायचा. एका क्षणाचा हात चुकला तर सुई बाहेर, दागिना हातात आणि भोक हरवलेलं. म्हणून हे काम शिकायला वेळ लागतो.

आणि चौथी सोनाराची तार. घासून टोक काढलेली सोन्याची बारीक तार पाळीतून घालायची आणि तिथल्या तिथे वळवून बाळी करून टाकायची. बाकी कुठल्याही पद्धतीत नाही अशी गोष्ट इथे होते: टोचणारी वस्तू आणि राहणारी वस्तू एकच. भरीव तार असल्यामुळे ती मांस कापत नाही, बाजूला सारत जाते. सोनं अंगाला सहसा त्रास देत नाही; स्वस्त कानातल्यांत असलेलं निकेल मात्र अनेकांना खाज आणतं, इतकं की युरोपीय संघाने 1994 सालीच त्यावर बंधन घातलं. जखमेवर तेल-हळद, आणि भोक बुजू नये म्हणून पुढे कडुनिंबाची काडी. तारेला कुठलं सीलबंद पाकीट नसतं, हा तिचा उणेपणा.

आता चारही हत्यारं शेजारी ठेवून एकच विचारून बघा: हे कोणाचा त्रास वाचवतं? बंदूक टोचणाऱ्याचा शिकण्याचा त्रास वाचवते. थोडक्या दिवसांत कुणालाही हाताशी घेता येतं, चाप ओढता आला की झालं. वाचलेला त्रास नाहीसा होत नाही, तो कानाकडे जातो. चिरडलेल्या कातडीच्या, उशिरा भरणाऱ्या जखमेच्या रूपाने. कॅन्युला टोचणाऱ्याची दागिना बसवतानाची धांदल वाचवते आणि तिचा थोडासा भार टोचून घेणाऱ्यावर टाकते. पोकळ सुई उलट वागते. ती टोचणाऱ्याकडून आधी महिनोन् महिने घेते, म्हणजे टोचून घेणाऱ्याला पुढे कमी द्यावं लागतं. हत्याराची निवड ही अशी त्रासाची वाटणी आहे, आणि ती करताना एक पक्ष डोळे मिटून, मान वळवून, कुणाचा तरी हात घट्ट धरून बसलेला असतो. त्याला वाटणी झाल्याचं कळतही नाही.

एक बाब इथे कबूल करायला हवी. निष्णात हातातली कॅन्युला ही अडाणी हातातल्या उत्तम सुईपेक्षा केव्हाही बरी. शिवाय ती निर्जंतुक असते आणि कोपऱ्यावर मिळते. परदेशातही कित्येक चांगले पिअर्सर तीच वापरतात. तेव्हा हत्यारावरून लगेच माणसाला चांगलं-वाईट ठरवता येत नाही. पण हे त्याने का निवडलं, या प्रश्नाच्या उत्तरात तो तुमच्याकडे कसा बघतो ते दिसतं. ‘माझा हात याच्यावर बसलाय’ हे उत्तर आहे. ‘सगळे हेच वापरतात’ हे नाही.

मराठीने हा प्रश्न फार पूर्वी एका म्हणीत मिटवून टाकला होता. सोनारानेच कान टोचावेत. आज आपण ती उपदेशाबद्दल वापरतो, कान उपटायचा अधिकार ज्याचा त्यानेच उपटावा अशा अर्थी. पण मूळ अर्थ शब्दशः घेऊन पाहा. म्हण तारेबद्दल काही बोलत नाही, जाडीबद्दल नाही, सोन्याच्या कसाबद्दल नाही. ती फक्त माणसाचं नाव घेते. कारण गावातल्या सोनाराची पेढी उद्याही तिथेच असायची. त्याने आईचे कान टोचलेले असायचे, मुलीचे टोचायचा आणि तिच्या लग्नाचे दागिनेही त्यालाच घडवायचे असायचे. कान पिकला तर त्याच गल्लीत, त्याच ओट्यावर जाब विचारता येत होता. हत्याराची हमी माणूस देत होता, आणि माणसाची हमी गल्ली.

नवी मुंबईत ही साखळी तुटते. सिडको स्थापन झाली 1970 साली. शहर आखलं गेलं ते आगरी-कोळ्यांच्या गावांच्या भोवती, खाडीकाठच्या जमिनींवर. दिवाळे, करावे, घणसोलीसारख्या गावठाणांत अजून कुणाचा सोनार कोण हे सांगता येईल. पण सेक्टरांत राहायला आलेल्यांचे सोनार सांगलीत राहिले, गिरगावात राहिले, केरळात नाहीतर पंजाबात राहिले. इथे ज्या दुकानात आपण शिरतो तिथला कारागीर आपल्याला ओळखत नाही आणि पुढच्या वर्षी तो तिथे असेल याची खात्री नाही. मॉलमधला स्टॉल तर भाड्याचा करार संपला की रातोरात गायब होतो.

मग विश्वास ठेवायचा कशावर? पाकिटावर. निर्जंतुक सुईच्या पाकिटावर बॅच नंबर असतो, निर्जंतुक कशाने केली ते असतं, मुदतीची तारीख असते, आणि काट मारलेल्या वर्तुळातला 2 हा आकडा असतो. त्याचा अर्थ दुसऱ्यांदा वापरायची नाही. अनोळखी शहरातला सोनार म्हणजे हे पाकीट. ज्याचं तोंड आपण कधी पाहिलं नाही अशा कुणीतरी दूरच्या कारखान्यात दिलेला तो शब्द आहे. तो तुमच्या डोळ्यांसमोर फाडला जातो का, एवढंच आपल्याला तपासता येतं.

हे वाईट झालं असं म्हणायचा मोह होतो. मला तो आवरावासा वाटतो. गल्लीतल्या सोनाराला हिपॅटायटिस बी दिसत नव्हता. त्याचा चिमटा आणि त्याची बोटं सगळ्या गावाच्या कानांना लागत होती, आणि त्यातून काही झालंच तर ते दृष्ट लागल्याच्या नाहीतर वातड खाल्ल्याच्या खात्यावर जमा होत होतं. आज रक्तदानाला गेलं की फॉर्मवर टॅटूबरोबर कान टोचल्याबद्दलही विचारतात, तो प्रश्न उगीच आलेला नाही. पाकिटाला जे कळतं ते सोनाराला कळत नव्हतं. पण पाकिटाला परत भेटता येत नाही, हेही खरंच.

परत भेटण्याचा मुद्दा मला सुश्रुताकडे घेऊन जातो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय कान टोचण्यावर आहे. बाळ सहाव्या-सातव्या महिन्याचं असावं, मांडीवर घ्यावं, खेळण्यांनी रमवावं, डाव्या हाताने कान ताणून धरावा, उन्हाचा उजेड आरपार येतो ती जागा हेरावी आणि उजव्या हाताने हलके, सरळ टोचावं. आणि मग हत्यारांची तुलना येते: पाळी पातळ असेल तर सुई, जाड असेल तर आरा, म्हणजे चांभाराच्या आरीसारखं दणकट हत्यार. टोचणाऱ्याची सोय हा निकषच नाही. कान बघून हत्यार ठरतं. फार रक्त आलं किंवा फार दुखलं तर जागा चुकली असं समजावं, असंही तो सांगतो. भोकात कापसाची वात घालावी, तेल सोडावं, दर तीन दिवसांनी थोडी जाड वात.

पण त्या अध्यायाचा खरा भर पुढे आहे. टोचण्याचं सांगून झालं की सुश्रुत फाटलेल्या पाळ्या जोडण्याकडे वळतो आणि जोडण्याचे पंधरा प्रकार देतो. शेवटी कापलेलं नाक जोडण्याचा तो प्रसिद्ध विधीही याच अध्यायात. टोचणं आणि फाटलेलं शिवणं एकाच प्रकरणात, एकाच वैद्याच्या हाती. भोक पाडलं की आपलं काम संपलं, असं म्हणायची त्याला सोयच नाही. आजच्या धंद्यात ही दोन कामं पार वेगळी झाली. भोक स्टॉलवर पडतं आणि पिकलेला कान कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या खोलीत उघडला जातो. टोचणाऱ्याला आपल्या हत्याराचा परिणाम कधी बघावाच लागत नाही. मग तो हत्यार बदलेल कशाला?

आता संमती. इथे आपलं सगळं उलटंपालटं आहे. वीस वर्षांच्या मुलीने भुवई टोचली, मुलाने जीभ टोचली, तर घरी आठवडाभर चर्चा होते: का केलंस, काय मिळालं, लोक काय म्हणतील. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं, ही आपलीच म्हण. नाथपंथात गुरूकडून कान फाडून घेऊन कुंडलं घालणारा जोगी पूज्य होता, आणि भाषेत मात्र त्याचं नाव बदनामीला चिकटलं. सोनाराने टोचलेला कान घरंदाज, जोग्याचा फाटलेला कान संशयास्पद. दोन्हीत भोकच आहे. मजा म्हणजे आज मुली ‘हेलिक्स’ म्हणून कानाच्या ज्या कडेला टोचून घेतात तिथेच पणजीची बुगडी असायची, आणि मुलं लग्नात दाबाची भिकबाळी लावतात तीही तिथेच. पणजोबांची दाबाची नव्हती.

त्याच घरात तीन महिन्यांच्या बाळाचे कान टोचताना मात्र कुणी का विचारत नाही. ते बाळ हो म्हणालेलं नाही, म्हणू शकत नाही. कायद्याने यातून वाट काढली आहे. 1860 च्या दंड संहितेतली आणि आता 1 जुलै 2024 पासूनच्या न्याय संहितेतही आलेली तरतूद साधारण अशी: अठरा वर्षांवरचा माणूस स्वतःला किरकोळ इजा होऊ द्यायला संमती देऊ शकतो, कायद्यातलं उदाहरण गंमत म्हणून तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं आहे. बाराखालच्या मुलाच्या वतीने पालक संमती देतात, पण मुलाच्या भल्यासाठी आणि सद्भावनेने. मधल्या वयात स्वतःची संमती चालते ती अशाच भल्यासाठी केलेल्या गोष्टीला. ‘भलं’ कशाला म्हणायचं हे कायदा घरावर आणि काळावर सोडतो. मुलीच्या पाळीतलं भोक भलं आणि भुवईतलं नाही, हे कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही. ते आपल्या डोक्यात लिहिलेलं आहे.

बाळाचे कान टोचणं क्रूरपणा आहे असं मी म्हणणार नाही. संस्कार, हौस, आजीने जपून ठेवलेल्या बाळ्या, यांना मोल आहे, आणि पाळीतली जखम लहान आहे. माझा आक्षेप दुसरीकडे आहे. ज्याची संमती नाही त्याच्या वाट्याला उत्तम हत्यार यायला हवं, कारण आपण त्याच्या वतीने निवडतो आहोत. होतं नेमकं उलट. जो बोलू शकतो, गूगल करू शकतो, रिव्ह्यू लिहू शकतो, त्या प्रौढ ग्राहकासाठी स्टुडिओ सीलबंद पोकळ सुई फोडून दाखवतो. आणि जे फक्त रडू शकतं त्याला बहुतेक वेळा बंदूक मिळते, ‘पटकन होतं’ म्हणून. पटकन होतं हे खरं, आणि वळवळणाऱ्या बाळाच्या बाबतीत तो गुण लहान नाही. पण त्या घाईचा मोठा वाटा बाळासाठी नसून आपल्यासाठी असतो. आपल्याला रडणं ऐकवत नाही.

सगळ्यात अवघड जागा पंधराव्या वर्षाची. ती मुलगी कॉलेजच्या आधीच्या सुट्टीत एकटीच स्टुडिओत येते, नाकात चमकी हवी म्हणते आणि वय अठरा सांगते. चांगला पिअर्सर ओळखपत्र मागेल आणि परत पाठवेल. बरोबरच केलं त्याने. पण ती परत जाऊन काय करेल? मैत्रिणीच्या खोलीत सेफ्टी पिन मेणबत्तीवर तापवून, बर्फ लावून, यूट्यूब बघत स्वतःच टोचेल. किंवा वय न विचारणाऱ्या स्टॉलवर जाईल. म्हणजे नियम पाळणाऱ्याने तिला वाईट हत्याराकडे ढकललं का? मला वाटतं, नकार देऊनही त्याचं काम उरतं. आईला घेऊन ये, तोवर पिनेने करू नकोस, आणि का करू नकोस ते हे बघ, असं म्हणून दोन्हींची टोकं तिला शेजारी ठेवून दाखवायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांचे पैसे कुणी देत नाही. सोनार ती देत असे, कारण त्याला पुढे तिचं मंगळसूत्र घडवायचं होतं. अनोळखी शहरात ती कुणी का द्यावीत, याचं उत्तर मला बाजारात सापडत नाही, आणि तरी देणारे असतात.

सुश्रुताने सांगितलेली उन्हातली ती तपासणी मात्र फुकट आहे. खोलीतला दिवा मालवून मोबाईलचा टॉर्च कुणाच्याही कानाच्या पाळीमागे धरा. पाळी लालसर उजळते आणि तिच्यातल्या बारीक शिरा काळ्या रेघांसारख्या दिसतात. कुठे दाट, कुठे मोकळ्या. दोन माणसांच्या सारख्या नसतात, आणि एकाच माणसाच्या दोन कानांच्याही नसतात.